हौशी नाट्यमंडळाचा इतिहास कसा लिहायचा? (ट्रंकेतली हँडबिलं, कीर्द आणि मिठाचे डिमर)

रंगपट (धागाकर्ता)

तालुक्याच्या गावातल्या हौशी नाट्यमंडळाला पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षं झाली की स्मरणिका निघते. तिच्या पहिल्या पानावर तोच परिच्छेद असतो : काही ध्येयवेडे तरुण एकत्र आले आणि त्यांनी रोपटं लावलं. कोणत्या साली, कुठल्या जागेत, कोणतं नाटक, पैसे कुठून आले, यातलं काहीच त्यात नसतं. हा धागा ते शोधण्यासाठी आहे. ज्यांच्याकडे मंडळाची जुनी ट्रंक आहे आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांनी इथून करावी.

आधी थोडी पार्श्वभूमी. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला झालं, तिथून पुढचा व्यावसायिक मंडळ्यांचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. त्यांचे करार होते, कज्जे होते, नटांची आत्मचरित्रं होती. हौशी मंडळात कुणालाच पगार नसतो, त्यामुळे पगारपत्रकच नाही. बोलपट आले (मराठीत १९३२ पासून), फिरत्या मंडळ्या एकेक करून बसल्या आणि गावोगावची नाटकाची हौस शिक्षक, कारकून, वकील, पोस्टमन, दुकानदार यांच्या अंगावर पडली. १९४३ च्या नाट्यशताब्दीच्या आसपास आणि स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अशी मंडळं भराभर निघाली. त्यांचे कागद संस्थेच्या कपाटात नसतात, तेव्हाच्या चिटणीसाच्या माळ्यावर असतात.

ट्रंक उघडल्यावर पहिल्या दिवशी काहीही ‘लावू’ नका. कागद ज्या गठ्ठ्यात, ज्या क्रमाने आहेत तो क्रम हाच पुरावा आहे. एका सुतळीत बांधलेलं हँडबिल, मनिऑर्डरची पावती आणि ड्रेपरीवाल्याचं बिल बहुधा एकाच प्रयोगाचं असतं. गठ्ठे सोडून विषयवार ढीग केले की हँडबिलाची तारीख सांगणारी पावती भलत्याच ढिगात जाते. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या, आतल्या प्रत्येक कागदाला उपक्रमांक द्या (७/१, ७/२ असे), आणि तो मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन नको, चिकटपट्टी नको, स्टेपल तर नकोच. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका. कागदाखाली पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून टाचणीची टोकं आधी उलगडा.

मग एकच तक्ता करा. क्रमांक, कागदाचा प्रकार, छापलेली तारीख जशीच्या तशी, काढलेली तारीख, कशावरून काढली, आणि खात्री. खात्रीसाठी तीन अक्षरं पुरतात. क : दोन स्वतंत्र कागद जुळतात. ख : एकच कागद. ग : फक्त कुणीतरी सांगितलं. स्मरणिकेतला बहुतेक मजकूर ‘ग’ असतो, हे तक्ता भरताना लक्षात येईल.

खिळेजुळारी

उत्तम धागा. हँडबिलावर वर्ष नसणं हा सर्वांत नेहमीचा घोळ, कारण ‘येत्या शनिवारी’ नाटक बघायला येणाऱ्याला साल सांगायची गरजच नव्हती. पण साल काढता येतं.

सगळ्यात खालची बारीक ओळ आधी वाचा. १८६७ च्या छापखाना कायद्याने मुद्रकाचं नाव आणि ठिकाण छापणं बंधनकारक होतं, म्हणून छापखाना जवळपास नेहमी असतो. तो छापखाना कधी निघाला, कधी मालक बदलला, हे गावातल्या जुन्या लग्नपत्रिकांवरून कळतं. लग्नपत्रिकेवर साल असतंच!

मग तिकिटाचे दर. आणे असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं (त्या दिवशी दशमान नाणी आली). ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गेला. जुनी नाणी काही वर्षं बरोबरीने चालत होती, म्हणून १९५८ सालचं ‘आठ आणे’ दिसलं तर दचकू नका. दर आकड्यांत नसून नुसत्या रेघांत असतील तर : उभी रेघ म्हणजे पाव. ‘१॥’ म्हणजे दीड रुपया, ‘॥।’ म्हणजे बारा आणे. ‘रात्रौ ठीक ९॥ वाजतां’ हे साडेनऊ. नव्या मुलांनी हे ‘९ ll’ असं टाइप केलेलं पाहिलं आहे.

प्रशासकीय नावं फार कामाची. ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर १९४९ ते १९६०, पुढे त्याचंच सांगली झालं. ‘जि. कुलाबा’ असेल तर १९८१ च्या आधीचं, नंतर रायगड. कणकवली, सावंतवाडीला ‘जि. रत्नागिरी’ असेल तर तेही १९८१ च्या आधीचं. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० पूर्वीचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचंच.

शुद्धलेखन हा मऊ पुरावा. ‘येथें’, ‘कीं’, ‘पाहूं’ असे अनुच्चारित अनुस्वार असतील तर १९६२ च्या नियमांआधीचं असण्याची शक्यता जास्त. पण जुने जुळारी (छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे) सत्तरीतही हात जाईल तसे अनुस्वार देत, म्हणून एवढ्यावर ‘क’ लावू नये. कागद उलटा करून बोट फिरवा. अक्षरांचा दाब लागला तर खिळ्यांची छपाई, गुळगुळीत असेल तर ऑफसेट.

पंचांगकर्ते

वार आणि तारीख छापली असेल तर निम्मं काम झालं. उदाहरण घेऊ : ‘शनिवार ता. २६ जानेवारी, प्रजासत्ताक दिनानिमित्त’. २६ जानेवारीला शनिवार १९५२, १९५७, १९६३, १९७४, १९८० या वर्षी येतो. दर आण्यांत असतील तर उरली दोन, १९५२ आणि १९५७ (जानेवारी ५७ हा दशमान नाण्यांच्या आधीचा). तिथीही छापली असेल तर प्रश्न मिटला. १९५२ च्या त्या दिवशी पौष अमावास्या होती, १९५७ ला नव्हती. उघड्यावरचे प्रयोग शक्यतो शुक्ल पक्षात ठेवत, लोकांना चांदण्यात घरी जाता यावं म्हणून. पण ही सवय आहे, पुरावा नाही.

शक इसवी सनात आणताना अनेकजण सरसकट ७८ मिळवतात आणि चुकतात. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८६७ चा माघ म्हणजे १९४६. नाटकांचा हंगाम नेमका कार्तिक ते फाल्गुन, म्हणजे चूक व्हायला अगदी सोयीचा. संवत असेल (व्यापारी चिटणीस असेल तर असतो) तर कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, जानेवारीपासून ५६.

कनात

मराठवाड्याचं राहिलं. १९४८ पर्यंत आणि सरकारी कागदांत त्यानंतरही काही काळ फसली सन (महसुली कालगणना) दिसतो. त्यात ५९० मिळवा. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. दर ‘हाली’ आहेत की ‘कलदार’ हे पाहा. हाली म्हणजे निजामाचं नाणं, कलदार म्हणजे इंग्रज सरकारचं. रसीद उर्दूत असेल तर ती ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला पडते, आणि नेमकी तीच परवानगीची असते.

गोव्याच्या देवळांतल्या उत्सवी नाटकांना आणखी सोपं. जत्रेची तिथी ठरलेली, नाटक त्याच रात्री, त्यामुळे देवस्थानाच्या पंचांगाशी जुळवलं की झालं. वर्गणीच्या यादीत ‘टंगा’ (पोर्तुगीज अमलातलं जुनं नाणं) असतील तर १९५८-५९ पूर्वीचं. ‘एस्कुदो’ असतील तर त्यानंतर ते डिसेंबर १९६१ च्या मुक्तीपर्यंतचं. एवढा आखूड काळ दुसऱ्या कुठल्या खुणेने मिळत नाही.

पाटीवरचा_खडू

नाटकाच्या नावावरूनही तळाची मर्यादा मिळते ना? ‘लग्नाची बेडी’ असेल तर १९३६ च्या आधी जाऊच शकत नाही.

खिळेजुळारी

मिळते, पण नावं तपासून. देवलांचं गद्य ‘फाल्गुनराव’ १८९३ चं, आणि त्याचंच संगीत रूप ‘संशयकल्लोळ’ १९१६ चं. हँडबिलावर ‘फाल्गुनराव’ दिसलं तर ते जुनं असेलच असं नाही, मंडळाकडे गाणारं कुणी नसेल म्हणूनही गद्य केलं असेल. पात्रयादीत बायकांची नावं आहेत का तेही पाहा. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’नंतर मुंबईत स्त्रियांनी स्त्रीभूमिका करणं रुळू लागलं. लहान गावात ते फार नंतर आलं, काही ठिकाणी साठीत. ‘कु. क्ष (मुंबई)’ असं कंसात गाव असेल तर ती कलावती बाहेरून मानधनावर आणली होती. मग कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) तिचं मानधन, रेल्वेचं भाडं आणि कुणाच्या घरी उतरली त्या घराला दिलेला नारळसुद्धा सापडतो.

तिसरी_घंटा

वरचं सगळं बरोबर, पण हँडबिलाला फार भाव दिला जातोय. हँडबिलावरून फक्त बेत कळतो, प्रयोग झाला की नाही ते कीर्दीवरून. नायकाला गोवर आला, पाऊस पडला, परवानगी आली नाही, अशी छापून वाया गेलेली हँडबिलं प्रत्येक ट्रंकेत असतात. उलट जे प्रयोग ऐनवेळी लागले त्यांची हँडबिलंच नसतात. म्हणून आधी कीर्द वाचा. मोडीत असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी मोडी वाचणारे आता पुष्कळ मिळतात. हिशेबाची मोडी पत्रांपेक्षा सोपी, कारण तेच पंधरा-वीस शब्द फिरून येतात.

कीर्दीतून काय काय निघतं ते सांगतो.

फळ्या. ‘फळ्या ४४ भाडे’ अशी नोंद असेल तर रंगमंचाचं माप काढता येतं. बारा फुटी, नऊ इंच रुंद फळी हा नेहमीचा माल. दोन फळ्या टोकाला टोक लावून चोवीस फूट रुंदी, आणि बावीस ओळींची खोली साडेसोळा फूट. म्हणजे साधारण २४ बाय १६ चा मंच. पुढच्या वर्षी ‘फळ्या ३०’ झाल्या तर जागा बदलली, नाहीतर शाळेचा कट्टा मिळाला आणि वाढीव भागच बांधला. फळ्यांबरोबर पिंपं आहेत की वासे, तेही लिहून घ्या. पिंपांवरचा मंच नाचतो. टेकू चार फुटांपेक्षा लांब पडले की फळी मधे लवते आणि पावलांचा आवाज माइकमधून येतो. ‘सतरंज्या २ जादा’ ही नोंद मग आपोआप कळते.

गॅसबत्त्या. ‘बत्त्या ६, मँटल १२’ असं दिसेल. दुप्पट मँटल उधळपट्टी नव्हे. एकदा पेटलेली जाळी राखेसारखी ठिसूळ होते, बत्ती हलवली की फुटते. मोठी पेट्रोमॅक्स एका लिटर रॉकेलवर सुमारे आठ तास चालते, पण हवा मधूनमधून मारावी लागते, आणि ती अंक पडल्यावरच मारता येते. अंकाच्या शेवटी उजेड पिवळट होत जायचा तो यामुळे. रॉकेलच्या बाटल्यांवरून बत्त्या किती तास जळल्या याचाही अंदाज येतो, म्हणजे रात्रभराचं नाटक की तीन तासांचं ते कळतं.

रंगभूषा. सफेदा, पिवडी, काजळ, खोबरेल तेल ही जुनी यादी. पुढे ‘पॅनकेक’ (चेहऱ्याला लावायचा तयार रंग) येतो. तो ज्या वर्षी येतो त्याच वर्षी बहुधा बाहेरचा रंगभूषाकारही येतो, कारण वापरायचा कसा हे गावात माहीत नसतं. इथे एक सावधगिरी : ट्रंकेत जुन्या रंगांच्या डब्या असतील तर हातमोजे घाला. हिंगूळ हे पाऱ्याचं संयुग, मुर्दाडशिंग शिशाचं. हुंगून ओळखायला जाऊ नका.

मीठ. हो, मीठ. नाटकाच्या खर्चात पाच शेर मीठ कशाला, असा प्रश्न पडतो. शेजारी डाळ-तांदूळ असतील तर जेवणासाठी. शेजारी पत्रा, वायर, दोरी, चिनी मातीची बरणी असेल तर डिमरसाठी.

पाटीवरचा_खडू

मिठाचा डिमर? हे नवीनच.

फेज_न्यूट्रल

नवीन नाही, जगभर वापरात होता. बरणीत किंवा सिमेंटच्या पाइपात मिठाचं पाणी. तळाशी एक धातूचा पत्रा, वर दोरीला टांगलेला दुसरा. दोन्ही दिव्याच्या वायरीत सिरीजमध्ये. पत्रे लांब असले की मधल्या पाण्याचा रोध जास्त, दिवा मंद. दोरी सोडून वरचा पत्रा खाली नेला की दिवा उजळतो. दर दिव्याच्या गटाला एक बरणी, म्हणून चार-सहा बरण्यांची रांग विंगेत असे आणि एक माणूस दोऱ्या धरून बसे.

बिघडायचं कसं ते महत्त्वाचं, कारण तालीमवहीत त्याच्या खुणा सापडतात. मीठ जास्त पडलं तर पत्रे पूर्ण लांब नेले तरी दिवा विझत नाही, काळोखाच्या प्रवेशात धुगधुगी राहते. मीठ कमी पडलं तर वरचा पत्रा तळाशी टेकेपर्यंत दिवा अर्धाच, आणि टेकला की एकदम भक्कन. शिवाय पाणी तापतं. तापलेलं पाणी वीज जास्त वाहून नेतं, त्यामुळे थंड पाण्यावर दोरीला मारलेल्या गाठी तिसऱ्या अंकात खोट्या ठरतात. वाफेने पातळी उतरते, म्हणून मधल्या सुट्टीत पाण्याची भर. पत्र्यांवर गंज आणि साका चढतो, दर प्रयोगानंतर घासावे लागतात.

प्रदर्शनात मांडायचा असेल तर कोरडा मांडा, वायर तोडून. बरणीतलं पाणी आणि वरचा पत्रा, दोन्हींत वीज असते. ‘चालू करून दाखवू’ हा उत्साह नको.

कनात

म्हणजे कीर्दीत गॅसबत्ती बंद झाली की त्या वर्षी वीज आली, असं धरायचं?

तिसरी_घंटा

नाही. वीज आल्यावरही बत्त्या भाड्याने घेतच, वीज गेली तर म्हणून. ‘वायरमन’ची पहिली नोंद किंवा विजेच्या तात्पुरत्या जोडणीची अनामत शोधा, ती खरी खूण. तसंच ‘माईक भाडे’. माईक आल्यावर प्रेक्षकसंख्या वाढते, आणि मग पात्रं तोंड माइककडे करून उभी राहतात म्हणून दिग्दर्शनच बदलतं. हा इतिहास कुणी लिहीत नाही, पण मला विचाराल तर संस्थापकांच्या नावांपेक्षा तो मोलाचा आहे.

शिक्का_मोर्तब

सरकारी कागदांबद्दल. मंडळ नोंदलेलं असेल तर दोन क्रमांक असतात : १८६० च्या सोसायटी कायद्याखाली एक, आणि १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ‘एफ’ने सुरू होणारा दुसरा. दुसरा असेल तर धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकच्या नोंदवहीची प्रमाणित प्रत मागा. त्यात मूळ विश्वस्तांची नावं, मालमत्ता आणि पुढे मंजूर झालेले सगळे बदल अर्ज तारखांसकट असतात. ‘संस्थापक कोण’ या वादात स्मरणिकेपेक्षा हा कागद भारी. मात्र एक ध्यानात ठेवा. नोंदणी बहुतेकदा स्थापनेनंतर बऱ्याच वर्षांनी होते, सरकारी अनुदान किंवा जागा हवी असते तेव्हा. नोंदणीचं साल म्हणजे स्थापनेचं साल नव्हे.

हिशेबतपासणीचे अहवालही तिथे दाखल होतात : ताळेबंद परिशिष्ट आठ, उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊ. कीर्द वाळवीने खाल्ली असली तरी वर्षाचे एकूण आकडे इथून मिळू शकतात.

दुसरं, संहितेची परवानगी. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि शिक्के मारलेली प्रत. काटछाट सुचवलेली असेल तर ती त्याच प्रतीवर असते. तिसरं, लेखकाला पाठवलेल्या मानधनाची मनिऑर्डर पावती. त्यावर टपालाचा शिक्का, म्हणजे तारखेचा सगळ्यात पक्का पुरावा. पावती लहानशी दिसते म्हणून फेकली जाते.

आणि ‘तिकीट’ की ‘देणगी प्रवेशिका’, हा फरक नोंदवा. तिकिटावर १९२३ च्या कायद्याने करमणूक कर लागू शकत असे. तो सोपस्कार टाळायला बरेचदा ‘देणगी प्रवेशिका’ छापल्या जात. शाळेच्या इमारतीसाठी वगैरे खरे मदतीचे प्रयोग वेगळे. त्यांची पावती शाळेच्या दप्तरातही असते, तिथून पडताळा.

नक्कलनवीस

प्रॉम्प्टरच्या प्रतीकडे कुणी बघत नाही म्हणून लिहितो. छापील पुस्तकात पेन्सिलीने खोडलेले संवाद, कडेला ‘घं.’, ‘प.’, ‘दि. मंद’ (घंटा, पडदा, दिवे मंद). कुठला प्रवेश गाळला ते यातूनच कळतं. पाच अंकी नाटक तीन अंकांत बसवलेलं असेल तर पानं दोऱ्याने शिवून बंद केलेली असतात. तो दोरा कापू नका, कडेने डोकावून वाचा. सुट्या नकला (एकेका पात्राचे हाताने उतरवलेले संवाद) वहीच्या अर्ध्या पानांवर असतात, आणि मागच्या बाजूला शाळेचा गृहपाठ किंवा कचेरीचा रद्द झालेला छापील अर्ज. मागची बाजूही स्कॅन करा. अर्जाच्या नमुन्यावर तळाला छपाईचं साल असतं.

रंगपट (धागाकर्ता)

स्कॅनिंगचं इथेच सांगून टाकतो. कागद ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला, पस्तीस एमएमच्या निगेटिव्ह २४०० किंवा वर. मूळ फाइल टिफ, वाटायला जेपेग. काळेपांढरे फोटोही रंगीतमध्येच स्कॅन करा, पिवळेपणा आणि शाईचे शिक्के नाहीतर जातात. मोबाइलवर काढणार असाल तर खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद. चकचकीत फोटोवर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका चेहऱ्यावर येतो. तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर.

लॅमिनेशन कृपया करू नका. ते परत निघत नाही, आणि उष्णतेने जुनी शाई काळवंडते. पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत, त्यांचा वास येतो तेच ते कागदाला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनच्या चालतात. कसर लागलेले गठ्ठे वेगळे काढा, सावलीत उघडे ठेवा, मऊ ब्रशने झटका. उन्हात नको, कागद कुरकुरीत होतो.

पाटीवरचा_खडू

जुन्या लोकांच्या मुलाखतींचं काय? आमच्याकडे तेच जास्त उपलब्ध आहे.

तिसरी_घंटा

घ्या, आणि लवकर घ्या. पण ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका. माणूस सभ्यतेपोटी एक साल सांगतो आणि मग त्यावर ठाम राहतो. खुंट्या विचारा. पानशेतच्या आधी की नंतर (१२ जुलै १९६१)? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (११ डिसेंबर १९६७) तालमी चालू होत्या का? बाहत्तरच्या दुष्काळात प्रयोग झाला का? तुमचं लग्न झालं होतं का? दिवे कसले होते? कोण कुठे कपडे बदलायचं? शेवटचा प्रश्न जागेचा नकाशा काढून देतो. हातात हँडबिल किंवा फोटो द्या, कोरी वही नको. आणि दोघांना एकत्र बसवू नका, मोठ्या आवाजाचा माणूस दुसऱ्याच्या आठवणी पुसून टाकतो.

फोटोतल्या माणसांना डावीकडून उजवीकडे नावं देताना ‘खुर्चीवर बसलेले’ आणि ‘जमिनीवर बसलेले’ वेगळ्या ओळीत लिहा. निम्मे गोंधळ तिथेच.

खिळेजुळारी

स्मरणिकेतले लेख शेवटी वाचा, जाहिराती आधी. फोन नंबर किती आकडी आहे, कुठलं दुकान अजून चालू होतं, कुठल्या थिएटरला कुठला सिनेमा लागला होता, हे खोटं बोलत नाही. आणि मंडळाच्या नावात मधेच ‘नूतन’ किंवा ‘नवीन’ आलं की समजायचं, फूट पडली. मग पडदे कोणी नेले आणि पेटी कोणी नेली, याचा पत्रव्यवहार शोधा. भांडणाच्या काळातले कागद सर्वांत जास्त आणि नीट लावलेले असतात.

शिक्का_मोर्तब

छापण्याआधी दोन गोष्टी. देवल, गडकरी यांच्या संहिता आता मुक्त आहेत, पण अत्र्यांचं निधन १९६९ चं, म्हणजे २०२९ संपेपर्यंत हक्क आहेत. प्रॉम्प्टरच्या प्रतीची पानंच्या पानं फोटोसारखी छापू नका, एखाददुसरं पान खुणांसाठी ठीक. दुसरं, काही स्त्रियांनी घरच्यांपासून लपवून किंवा टोपणनावाने कामं केली. खरं नाव ट्रंकेत सापडलं म्हणून छापायचं नसतं. त्यांना किंवा घरच्यांना विचारा. नाही म्हणाले तर हँडबिलावरचंच नाव ठेवा.

पानांचा हिशेब सोळाच्या पटीत धरा. ८० पानं म्हणजे पाच फॉर्म. ८४ झाली की छापखाना सहाव्या फॉर्मचे पैसे लावतो आणि मागे कोरी पानं उरतात.

नक्कलनवीस

ध्वनिफिती? नाट्यपदांच्या कॅसेट असतात बऱ्याच मंडळांकडे.

फेज_न्यूट्रल

आधी वाजवू नका. उघड्या बाजूला फितीच्या मागे छोटा फेल्टचा गादीचा तुकडा असतो, तो जुन्या कॅसेटमध्ये गळून पडलेला असतो. तसाच वाजवला की आवाज दबका येतो आणि लोक म्हणतात, कॅसेट खराब. पाच स्क्रूंची चांगली रिकामी कॅसेट घ्या, दोन्ही चकत्या फितीसकट तिच्यात हलवा. फितीवर पांढुरकी बुरशी असेल तर थांबा, ती डेकच्या हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. हेड आयसोप्रोपिलने दर फितीनंतर पुसा. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून मगच वाजवा आणि पहिल्याच वेळी रेकॉर्ड करा : वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. नव्वद मिनिटांची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ, ती ताणली जाते, तिला जास्त जपा. स्पूल (मोठ्या सुट्या चकतीवरची फीत) असेल तर आधी वेग ठरवा. सेकंदाला पावणेचार इंच की साडेसात, हे डब्यावर नसलं तर नांदीच्या सुरावरून कळतं.

पाटीवरचा_खडू

शेवटचा प्रश्न. रंगवलेले पडदे सापडलेत. महाल, रस्ता, जंगल. घड्या घालून ठेवले होते, घडीवर रंग उडालाय. उघडून भिंतीवर टांगावेत का?

कनात

टांगू नका. हे पडदे मांजरपाटावर, भुकटीचे रंग सरसात कालवून रंगवलेले असतात. सरस म्हातारा झाला की ठिसूळ होतो, आणि टांगल्यावर कापडाचं सगळं वजन वरच्या काठावर येऊन रंगाच्या खपल्या सुटतात. पाण्याचा हातही लावू नका, सरस विरघळतो आणि रंग ओघळतो. ओला फडका फिरवून ‘स्वच्छ’ केलेला महाल परत मिळत नाही.

मोठ्या सतरंजीवर स्वच्छ धुतलेली चादर पसरा, त्यावर पडदा रंगाची बाजू वर करून एकेक घडी उलगडा. चार माणसं लागतात, पंखा बंद. आधी फोटो काढून घ्या, एका फोटोत मोजपट्टी येऊ द्या. मागच्या बाजूला कोपऱ्यात चित्रकाराची सही, पेठेचं नाव किंवा गिरणीचा शिक्का असतो, तो तपासा. मग सहा इंच किंवा त्याहून जाड पाइप घ्या, त्यावर धुतलेलं सुती कापड गुंडाळा, आणि पडदा रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन चुरतो. थरांमध्ये पातळ सुती कापड घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतं. गुंडाळी वरून सुती पट्टीने सैल बांधा, सुतळीने आवळू नका. उभी ठेवू नका. पाइपची दोन्ही टोकं टेकूवर ठेवून आडवी, जमिनीपासून फूटभर वर, बाहेरच्या भिंतीला न लावता. टोकाला चिठ्ठी बांधा : कुठला पडदा, माप, गठ्ठा क्रमांक. पावसाळा संपल्यावर एकदा फूटभर उलगडून वास घ्या. कुबट आला तर पूर्ण उलगडायचा.